पाय भरून येतात, मुंग्या येतात: मणक्यातली नस कुठे दबली हे ओळखण्याचा क्रम

"मणक्यात गॅप पडलाय" हे वाक्य बीडपासून किनवटपर्यंत कुठल्याही गावात ऐकू येते, आणि ते नेमके उलटे आहे. दोन मणक्यांमधली गादी झिजली की जागा वाढत नाही, घटते. त्याबरोबर नसा जिथून बाहेर पडतात त्या वाटाही अरुंद होतात. हा घोळ शब्दापुरता असता तर चालले असते. पण "गॅप" भरून काढायचा म्हणून माणसे महिनोन् महिने पट्टा आवळतात, पाठ चोळून घेतात, कुणीतरी सांगितलेले आसन करत राहतात, आणि ज्याला वाकल्याने आराम पडतो त्यालाच मागे वाकवले जाते.

दुसरी चूक क्रमाची. आधी एमआरआय काढायचा आणि मग फिल्ममध्ये दुखण्याचे कारण शोधायचे. खरा क्रम असा: आधी धोक्याची लक्षणे, मग त्रासाची नोंद, मग ताकदीची तपासणी, मग डॉक्टर, आणि फिल्म त्यानंतर.

## आधी एवढे समजून घ्या

पाठीच्या कण्यात मधोमध एक उभी नळी असते, तिच्यात मज्जारज्जू. प्रत्येक मणक्यापाशी डावी-उजवीकडे एकेक खिडकी असते, तिच्यातून नस हातापायाकडे निघते. मधली नळी अरुंद झाली की साधारण दोन्ही पायांत त्रास होतो. खिडकी अरुंद झाली की एकाच बाजूला, एका ठराविक रेषेत कळ उतरते.

अरुंद होण्याची कारणे बहुतेकदा एकत्र येतात: गादी फुगते, मागचे छोटे सांधे झिजून जाड होतात, नळीच्या मागच्या भिंतीवरचा पिवळा अस्थिबंध जाड होतो, किंवा एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकतो. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर हाडे आणि अस्थिबंध आणखी कडक, जाड होतात. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत हा जुना प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. घरातल्या दोघा-तिघांची पाठ आणि मान एकदमच आखडत असेल तर पाणी तपासून घ्या.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, त्याखाली फक्त नसांचा झुबका असतो. म्हणून कमरेत दाब आला तर नस दबते. मानेत दाब आला तर खुद्द मज्जारज्जू दबू शकतो. मानेचे दुखणे कमरेसारखे अंगावर काढू नये, ते यासाठी.

## टप्पा १: धोक्याची लक्षणे तपासा

पुढचे काहीही करण्याआधी हे. यातले एक जरी असेल तर नोंदी, व्यायाम, सगळे बाजूला ठेवा.

त्याच दिवशी दवाखाना:

- लघवी तुंबणे, लघवी भरल्याचे न कळणे, किंवा नकळत होणे.
- सायकलच्या सीटवर टेकतो तो सगळा भाग, जांघेच्या आत आणि गुदद्वाराभोवती, बधिर होणे.
- शौचावरचा ताबा जाणे.
- दोन्ही पायांची ताकद झपाट्याने जाणे, किंवा पाऊल अचानक लुळे पडणे.
- झाडावरून, गाडीवरून पडल्यानंतर कण्यात तीव्र दुखणे. वयस्क बाईला साध्या घसरण्यानेही मणका दबू शकतो.

पहिली तीन लक्षणे म्हणजे नसांचा सगळा झुबका दाबला जात आहे. इथे तासांचा हिशेब असतो. एक-दोन दिवसांत दाब निघाला नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. माणसे लाजेने हे सांगत नाहीत, "पाय दुखतो" एवढेच सांगतात, म्हणून घरच्यांनी स्पष्ट विचारावे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली वैद्यकीय महाविद्यालये हा मोठा आधार आहे. १०८ ला फोन करा, आणि निघण्याआधी एमआरआय व मणक्याची शस्त्रक्रिया तिथे आज होईल का एवढे विचारून घ्या. तीन दवाखाने फिरण्यात गेलेली रात्र परत मिळत नाही.

दोन-तीन दिवसांत डॉक्टर:

- संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, रात्री घाम, कण्यावर एका जागी दाबल्यावर जीव जाईल असे दुखणे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. तो वेळेत सापडला तर बहुतेकदा औषधांनी बरा होतो.
- पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा पडून राहिल्यावरही रात्रभर न थांबणारी कळ.
- गुंड्या लावता न येणे, हातातून वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे. ही मानेतल्या मज्जारज्जूवरच्या दाबाची लक्षणे आहेत. मान दुखत नसली तरी.

> तपासा: चालताना पायातली चप्पल निसटते आणि मागे वळून पाहीपर्यंत कळत नाही, असे होते का? हे मधुमेहाच्या नसांमुळेही होते आणि मानेतल्या दाबामुळेही. कारण डॉक्टर शोधतील, पण ही गोष्ट त्यांना सांगितली गेली पाहिजे.

## टप्पा २: सात दिवसांची नोंद

धोक्याचे काही नसेल तर एक शाळेची वही घ्या. डॉक्टरांपुढे बसल्यावर "सगळीकडेच दुखतं" असे तोंडातून निघते आणि दहा मिनिटे त्यातच जातात. वहीतल्या ओळी अशा असाव्यात:

*मंगळवार. सकाळी घरून निघालो. ७ मिनिटांनी दोन्ही पोटऱ्या भरून आल्या, पाय जड. उभा राहिलो, फरक नाही. पारावर बसलो, ३ मिनिटांत मोकळे. परत ६ मिनिटे.*

*बुधवार. सायकल हातात धरून, हँडलवर वाकून गेलो. १५ मिनिटे चाललो, त्रास कमी.*

या चार-पाच ओळींत निम्मे निदान आहे. म्हणून रोज एवढेच लिहा: किती मिनिटांनी सुरू झाले, कुठून कुठपर्यंत, उभे राहून थांबले की बसून, वाकल्याने कमी की जास्त, खोकताना-शिंकताना वाढते का, रात्री कसे असते. वेळ मिनिटांत लिहा. "थोडं चाललो की" म्हणजे कुणासाठी शेताचा बांध तर कुणासाठी दोन किलोमीटर.

आठवड्याने वही उघडा आणि नमुना पाहा.

अरुंद नळीचा नमुना. साधारण पन्नाशीनंतर. उभे राहिल्याने व चालल्याने पाय भरून येतात, बसल्याने किंवा पुढे वाकल्याने उतरतात. सायकल चालवताना त्रास नाही, पण लग्नाच्या मांडवात अर्धा तास उभे राहता येत नाही. उतारावरून चालताना जास्त, कारण शरीर मागे झुकते. मागे झुकले की नळी आणखी आवळते, पुढे वाकले की थोडी उघडते. सगळा खेळ एवढाच.

सरकलेल्या गादीचा नमुना. बहुधा तिशी ते पन्नाशी. एका पायात, ढुंगणापासून पोटरीपर्यंत वीज चमकल्यासारखी कळ. बसल्याने, वाकल्याने, खोकल्याने वाढते. चालताना किंवा पडून राहताना बरे. पाठीवर औषध भरलेला १६ लिटरचा पंप घेऊन फवारणी, वाकून मोळी उचलणे, अंग पिळून गोणी फेकणे, यानंतर हे हमखास उठते.

रक्तवाहिनीचा नमुना. बिडी-सिगारेट, मधुमेह. चालल्यावर पोटरी आखडते, पण नुसते उभे राहिले तरी दोन-तीन मिनिटांत उतरते, बसावे लागत नाही. सायकल चालवतानाही दुखते. पाऊल गार, बोटांवरचे केस गेलेले. हा मणक्याचा आजार नाही आणि याला वेगळी तपासणी लागते.

मधुमेह व बी १२ चा नमुना. दोन्ही तळव्यांत सारखीच आग, मुंग्या, मोजे घातल्यासारखी बधिरता, रात्री जास्त. चालण्या-बसण्याशी संबंध नाही. शाकाहारी घरांत बी १२ ची कमतरता सहज सापडते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही.

जांघेत दुखणे, मांडी घालून बसता न येणे हे खुब्याचे लक्षण आहे. रात्री अंगठा व पहिली दोन बोटे मुंग्यांनी जागी करत असतील आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर नस मानेत दबलेली नसून मनगटात दबलेली असण्याचा संभव मोठा. दोन वेळा धारा काढणाऱ्या हातांत हे दिसते.

> सावधान: एका माणसात दोन नमुने असू शकतात. साठीच्या मधुमेही शेतकऱ्यात अरुंद नळी आणि आग होणारे तळवे दोन्ही सापडतील. नळी मोकळी केली तरी तळव्यांची आग राहील. हे शस्त्रक्रियेआधी माहीत असले पाहिजे, नंतर नाही.

## टप्पा ३: पाच मिनिटांची ताकद तपासणी

भिंतीजवळ, अनवाणी, कुणाला तरी सोबत घेऊन. दुखण्याने पाय उचलत नसेल तर तो दुबळेपणा धरू नका. ताकद आणि वेदना वेगळ्या लिहा.

1. टाचांवर दहा पावले चाला. एका बाजूचे पाऊल खाली पडत असेल तर कमरेच्या पाचव्या नसेचा (एल ५) संशय.
2. पायाचा अंगठा वर ओढून धरा, सोबत्याने बोटाने खाली दाबावे. दोन्ही बाजू ताडून पाहा. हीच नस, पण दुबळेपणा इथे लवकर सापडतो.
3. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहा आणि चवड्यावर जोर देऊन टाच दहा वेळा उचला. एका बाजूला तीन-चार वेळांतच पाय थकत असेल तर त्याखालची, माकडहाडाच्या वरच्या हाडातली पहिली नस (एस १).
4. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठा, मग एक पायरी चढा. गुडघा दगा देत असेल तर एल ४ किंवा एल ३.
5. कापसाचा बोळा दोन्ही पायांवर फिरवा: नडगीची आतली बाजू (एल ४), पावलाची वरची बाजू आणि अंगठा (एल ५), पावलाची बाहेरची कड व करंगळी (एस १). बधिर भाग पेनाने रेघ ओढून दाखवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

हातासाठी: अंगठ्याकडे मुंग्या म्हणजे मानेची सहावी नस, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी.

> तपासा: ही तपासणी दर रविवारी करा. दुखणे तेवढेच राहून ताकद घटत असेल तर थांबू नका. उलटी फसगतही होते: कळ अचानक गेली, पण पाऊल उचलेनासे झाले. नस सुटली म्हणून माणूस खूश होतो आणि तिकडे नस मरत असते.

## टप्पा ४: डॉक्टरांकडे जाताना

सोबत वही, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे (नावे सांगू नका, पाकीटच दाखवा), आणि सहज वर सरकणारी लुंगी किंवा सैल पायजमा. तपासणीत पाय सरळ उचलून पाहिला जातो, गुडघ्यावर व टाचेमागे हातोडी मारली जाते, पावलावरची नाडी दाबून पाहिली जाते. ही नाडी पाहिली गेली नसेल तर "रक्ताचा पुरवठा ठीक आहे ना?" असे विचारायला संकोच नको. पाय उचलून पाहण्याची तपासणी गादी सरकलेल्यांत गुडघ्याखाली कळ आणते. अरुंद नळीत ती बऱ्याचदा अगदी साधी निघते, म्हणून "काही नाही" असे समजून परतू नका. वहीतला चालण्याचा हिशेब दाखवा.

रक्तातली साखर व तीन महिन्यांची सरासरी, बी १२, गरज वाटल्यास ईएसआर (शरीरात सूज किंवा संसर्ग आहे का हे सुचवणारी रक्ततपासणी). एक्स-रे काढायचाच तर उभे राहून, आणि मणका सरकल्याची शंका असेल तर पुढे-मागे वाकून. आडवे झोपून काढलेल्या एक्स-रेत सरकलेला मणका जागेवर बसलेला दिसू शकतो.

एमआरआय कधी? धोक्याचे लक्षण असेल, ताकद घटत असेल, सहा आठवड्यांच्या उपचाराने फरक पडला नसेल, किंवा इंजेक्शन-शस्त्रक्रियेचा विचार असेल तर. पेसमेकर, डोक्यात बसवलेली क्लिप, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण असेल तर आधी सांगा. वेल्डिंग करणाऱ्यांनी विशेषकरून.

## टप्पा ५: रिपोर्ट वाचताना

इथे सर्वांत जास्त माणसे घाबरतात आणि सर्वांत जास्त चुका होतात.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या फिल्म पाहिल्या गेल्या. विशीतल्या सुमारे ३० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्क्यांत गादी फुगलेली होती. म्हणजे "डिस्क बल्ज" हे शब्द केस पांढरे झाल्यासारखे आहेत. तेवढ्यावरून आजार ठरत नाही.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: कोणती पातळी (एल ४-एल ५ वगैरे), कोणती बाजू, मधली नळी की खिडकी, आणि सौम्य-मध्यम-तीव्र यांपैकी काय. मधल्या नळीचा पुढून-मागचा व्यास १० मिलिमीटरच्या खाली असेल तर ती नक्की अरुंद धरतात. मग टप्पा २ आणि ३ ची वही रिपोर्टशेजारी ठेवून ताडून पाहा. बाजू जुळते का? रेषा जुळते का?

एक बारकावा नेहमी सुटतो. एल ४-एल ५ ची गादी मागे-बाजूला सरकली तर बहुतेकदा एल ५ नस दबते, पण त्याच पातळीची खिडकी अरुंद असेल तर एल ४ दबते. आकडे वेगळे दिसले म्हणून रिपोर्ट चुकला असे नाही. आणि फिल्ममध्ये उजवीकडे तीव्र, दुखते मात्र डावा पाय, तर त्या फिल्मवर शस्त्रक्रिया ठरवू नये.

## टप्पा ६: पहिले सहा आठवडे

सरकलेल्या गादीची कळ बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते. अरुंद नळी तशी आपोआप रुंद होत नाही, पण नीट हालचालींनी अनेकजण वर्षानुवर्षे शस्त्रक्रियेविना चालतात.

विश्रांती: एक-दोन दिवस पुरे. महिनाभर अंथरुणावर पडून स्नायू झिजतात. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटून बसा. पट्टा प्रवासात किंवा कामात तास-दोन तास. झोपताना, बसताना नाही.

गोळ्या: पॅरासिटामॉल दिवसाला ३ ग्रॅमच्या पुढे नको, यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या-सुया रक्तदाब, मूत्रपिंड, पोट यांना जड जातात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात पाणी कमी पिऊन या गोळ्या घेणे मूत्रपिंडासाठी धोक्याचे आहे. नसेच्या कळेसाठी देतात त्या प्रेगाबालिन, गॅबापेंटिनने झोप व चक्कर येते. त्या गोळ्यांवर मोटारसायकल चालवू नका आणि त्या एकाएकी बंदही करू नका. एका पुडीने जादूसारखा आराम पडला तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्या.

व्यायाम: इथे दोन वाटा फुटतात. दुसऱ्याची वाट धरली तर त्रास वाढतो.

*अरुंद नळी असेल तर पुढे वाकण्याचे.* सतरंजीवर उताणे झोपा. एक गुडघा छातीशी, १५ सेकंद, मग दुसरा, मग दोन्ही. प्रत्येकी पाच वेळा, दिवसातून दोनदा. कंबर जमिनीला दाबून पाच सेकंद, दहा वेळा. खुर्चीवर बसून हात पावलांकडे सोडणे. चालणे तुकड्यांत: त्रास सातव्या मिनिटाला सुरू होत असेल तर पाचव्यालाच बसा, दोन मिनिटे थांबा, असे चार फेरे. सायकल उत्तम. भुजंगासन, धनुरासन, कुऱ्हाड उंच उचलून लाकडे फोडणे बंद.

*गादी सरकली असेल आणि वाकल्याने वाढत असेल तर उलट.* पालथे झोपा, तीन मिनिटे. नंतर कोपरांवर उठा, दोन मिनिटे. जमले तर तळहातांवर, कंबर सैल ठेवून, दहा वेळा. वाकून खुरपणी, जमिनीवरून भांडी उचलणे, तासन् तास जमिनीवर बसणे टाळा.

> तपासा: पायातली कळ वर सरकून कमरेत जमा होत असेल तर व्यायाम बरोबर आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरी. कळ खाली, पोटरीकडे-पावलाकडे उतरत असेल तर तो व्यायाम त्याच क्षणी थांबवा.

हे करू नका. पायाळू माणसाने पाठीवर पाय फिरवला तर निरुपद्रवी, पण पोराला पाठीवर उभे करून तुडवून घेऊ नका. मान झटक्याने वळवून "कट" काढून घेणे धोक्याचे, मानेत दाब असेल तर हातपाय जाऊ शकतात. बधिर पायाला गरम वीट किंवा शेक लावला तर भाजल्याचे कळत नाही. बिब्ब्याचे चटके नसेपर्यंत पोचत नाहीत, कातडीवर जखम करतात, आणि मधुमेहात ती जखम चिघळते.

## टप्पा ७: इंजेक्शन की शस्त्रक्रिया

मणक्यातले स्टेरॉइड इंजेक्शन काही आठवडे कळ कमी करते आणि तेवढ्या अवधीत व्यायाम करता येतो. वाट रुंद करत नाही. मधुमेहींची साखर काही दिवस चढते, म्हणून तेवढे दिवस रोज तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

शस्त्रक्रिया कधी: टप्पा १ ची लक्षणे, वाढत जाणारा दुबळेपणा, मानेतल्या मज्जारज्जूवरचा दाब, किंवा तीन-सहा महिने नीट उपचार करूनही चालणे दोन-चार मिनिटांवर अडणे. दाब काढल्याने पायाची कळ आणि चालणे सुधारते. नुसत्या कंबरदुखीसाठी केली तर निराशा पदरी येण्याचा संभव मोठा. स्क्रू-पट्टी घालून मणके जोडणे मणका सरकत असेल तेव्हा लागते, सर्वांना नाही. डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा: कोणती नस मोकळी करणार, जोडणी का हवी, आणि नाही केले तर सहा महिन्यांत काय होईल. उत्तर पटले नाही तर फिल्म घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का हे भरती होण्याआधी, रेशनकार्ड व आधार घेऊन, योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा.

नुसता दाब काढला असेल तर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी चालवतात. हलके काम चार ते सहा आठवड्यांनी, जड ओझे साधारण तीन महिन्यांनी, जोडणी केली असेल तर त्याहून उशिरा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हा हिशेब मुकादमाकडून उचल घेण्याआधी करावा. ऑगस्टअखेर शस्त्रक्रिया झाली तर दिवाळीनंतर कोयता कदाचित हातात धरता येईल, पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरणे त्या हंगामात नाही. जोडीदाराला आणि मुकादमाला हे आधी सांगून ठेवा, आणि तीन महिन्यांनंतर पहिल्या दिवशी टप्पा ३ ची तपासणी करूनच घराबाहेर पडा.